सायक्लोन: हाताने थांबणारी गाडी

न्यू जर्सीत राहणाऱ्या लेकीकडे मुक्काम असताना, जुलैमधल्या एका मंगळवारी मी, ती आणि दहा वर्षांचा नातू असे तिघे ब्रुकलिनच्या दक्षिण टोकावरील कोनी आयलंडला गेलो. मॅनहॅटनमधून ‘क्यू’ मार्गाच्या मेट्रो गाडीत बसले की शेवटचे स्थानक स्टिलवेल अ‍ॅव्हेन्यू. रस्ता ओलांडला की पाळण्यांचे सांगाडे दिसू लागतात आणि त्यांच्या पलीकडे अटलांटिक महासागर. हट्ट नातवाचा होता, पण ओढ माझीच अधिक होती. बस दुरुस्तीच्या कार्यशाळेत माझी तीस वर्षे गेली आहेत, आणि १९२७ साली सुरू झालेला तिथला सायक्लोन नावाचा रोलर कोस्टर आजही माणूस हाताने ब्रेक लावून थांबवतो, असे जावयांनी सांगितल्यापासून मला चैन नव्हते.

पहिला घोटाळा आम्ही तिकिटाच्या खिडकीवरच केला. समोर दिसते ते सगळे एकच उद्यान, असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात सायक्लोन लूना पार्ककडे आहे आणि वंडर व्हील हा प्रचंड पाळणा शेजारच्या वेगळ्या मालकांकडे; एकीकडची मनगटाला बांधायची पट्टी दुसरीकडे चालत नाही. लेकीने पुन्हा हिशेब मांडला आणि सायक्लोन व वंडर व्हील एवढेच करायचे ठरले.

सायक्लोनसाठी उंची किमान ५४ इंच, म्हणजे सुमारे १३७ सेंटिमीटर लागते. मोजपट्टीपाशी नातू ताठ उभा राहिला आणि हळूच चवड्यांवर आला. तिथल्या मुलीने काही न बोलता त्याच्या टाचांकडे बोट दाखवले. टाचा टेकल्या आणि तो बोटभर कमी पडला. लेकीने थोडी रदबदली करून पाहिली, पण ती मुलगी हसतमुखाने नाहीच म्हणाली. नातवाचा चेहरा पाहवत नव्हता, तरीही मला तिचे वागणे पटले. बोटभराची सूट एकदा दिली की त्या पट्टीला काही अर्थ उरत नाही. शेवटी लेक त्याच्याजवळ थांबली, मी चष्मा त्याच्या हातात दिला आणि एकटाच रांगेत शिरलो.

रांग फलाटाजवळ पोहोचली तसा मी मुद्दाम कठड्याच्या बाजूने सरकलो. चष्मा नसला तरी एवढ्या जवळचे दिसत होते. एक मजबूत बांध्याचा माणूस जमिनीतून वर आलेल्या लांब दांड्यांपाशी उभा होता. गाडी आत येताच त्याने शरीराचा सगळा भार मागे टाकून दांडा ओढला, किंचित सोडला, पुन्हा ओढला, आणि डबे आपल्या जागी येऊन थांबले. गाडीला इंजिन नसते. साखळी तिला ८५ फुटांवर नेऊन सोडते आणि पुढचा जवळपास अर्धा मैल ती निव्वळ वजनावर धावते. माणसे भरलेली असली तर ती जोरात येणार, रिकामी असली तर हळू; तो फरक त्या माणसाच्या हाताला कळत असला पाहिजे. नव्या भरतीच्या पोरांना ब्रेकचा अंदाज शिकवण्यात माझी किती वर्षे गेली, ते त्या क्षणी आठवले.

मांडीवरचा आडवा दांडा कर्मचाऱ्याने स्वतः दाबून पाहिला आणि गाडी सुटली. चढावर साखळीचा खडखडाट सोडून दुसरा आवाज नव्हता. माथ्यावर डाव्या-उजव्या बाजूला काय आहे ते धड कळेना, समुद्र म्हणजे नुसता निळसर डाग. मग पोटात खड्डा पडला. सांगाडा पोलादी असला तरी रूळ लाकडी थरांचे, वर पोलादी पट्टी, त्यामुळे प्रत्येक सांधा पाठीच्या कण्याला कळतो. खराब रस्त्यावर मागच्या बाकावर बसून प्रवास केलेल्यांना वेगळे सांगायला नको. वेग ताशी ६० मैलांपर्यंत जातो म्हणतात. सगळा खेळ दोन मिनिटांच्या आतच संपतो, पण मान संध्याकाळपर्यंत आखडलेली होती. मणक्याचा त्रास असलेल्यांनी रांगेतल्या सूचना मुकाट्याने पाळाव्यात.

नातवाची समजूत वंडर व्हीलने काढली. १९२० सालचा हा पाळणा १५० फूट उंच आहे. त्याला २४ डबे असून त्यांपैकी आठ कडेला टांगलेले आहेत, आपल्या जत्रेतल्या पाळण्यासारखे. उरलेले सोळा आतल्या वळणदार रुळांवर सरकतात. दोन्हींसाठी रांगा निराळ्या. नातवाने सरकत्या डब्याची रांग धरली आणि मी, सायक्लोन जिंकून आलेला माणूस, निश्चिंतपणे त्याच्या शेजारी बसलो. चाक जरा वर गेले आणि आमचा डबा अचानक सुटून समुद्राच्या दिशेने घरंगळला. माझ्या तोंडून जे ओरडणे निघाले ते सायक्लोनवरही निघाले नव्हते. डबा टोकाला जाऊन झुलत राहिला. नातू पोट धरून हसत होता. मग त्याला काहीतरी आठवले आणि त्याने खिशातून माझा चष्मा काढून दिला. काचांवर त्याच्या बोटांचे ठसे उमटले होते; सदऱ्याने पुसून तो डोळ्यांना लावला, तेव्हा खाली सायक्लोनची गाडी फलाटात शिरत होती.