सावळीचं शिंगरू : माजापासून खोगिरापर्यंत

आमच्या स्टडफार्मवर सगळी कामं घरचीच माणसं करतात. पैदाशीचं बाबा बघतात, चारा-खुराक आणि हिशेब आत्याकडे, आणि शिकवण्याचं काम आता बरंचसं माझ्याकडे आलंय. पण घोडी माजावर आल्यापासून शिंगराच्या पाठीवर खोगीर चढेपर्यंत सगळं मी सांभाळलं, असं पहिलं शिंगरू आमच्या सावळी या घोडीचं. घोडा शिकवणं म्हणजे खोगीर घालण्यापासूनचं काम, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला वाटतं, तोवर निम्म्याहून जास्त शिकवून झालेलं असतं.

दिवस मोठा होऊ लागला की घोड्या माजावर येतात. चक्र साधारण 21 दिवसांचं. त्यातले पाच-सात दिवस घोडी नराला उभी राहते, आणि बीज सुटतं ते माज संपायच्या एक-दोन दिवस आधी. म्हणून नुसत्या लक्षणांवर न जाता आम्ही सोनोग्राफी करून नराकडे न्यायचा दिवस ठरवला. पुढची तपासणी बीज सुटल्यानंतर 14 ते 16 दिवसांच्या दरम्यान, मुख्यतः जुळं नाही ना हे बघायला. घोडीला दोन गर्भ पूर्ण दिवस क्वचितच पेलतात, आणि त्यातला एक काढायचा तर तो याच सुमारास. सावळीला एकच होतं.

गाभणकाळ सरासरी 340 दिवसांचा, पण 320 ते 365 यातलं काहीही चालतं. त्यामुळे कॅलेंडरपेक्षा कासेकडे बघायचं. कास भरली, शेपटीच्या मुळाशी अंग सैल पडलं, सडांवर मेणासारखे थेंब जमले, तशी मी रात्रीची जागू लागले. घोड्या बहुधा रात्रीच वितात आणि आसपास वर्दळ वाटली तर वेणा लांबवतात. मी दोनदा दाराकडे निघाले तर आत्याने थांबवलं. "तू आत गेलीस की ती थांबेल. इथनंच बघ."

पाणी फुटल्यावर मात्र सगळं वेगाने होतं. शिंगरू वीस-तीस मिनिटांत बाहेर यायला हवं. मला भीती होती ती एकाच गोष्टीची. आधी पांढुरकं आवरण दिसायला हवं. त्याऐवजी लाल मखमली पिशवी दिसली तर वार, म्हणजे गर्भाला पोसणारा भाग, आधीच सुटलीय आणि पिल्लाचा प्राणवायू तुटतोय. ती तत्काळ कापावीच लागते. कात्री खिशात होती. पांढरं दिसलं. मग पुढचे दोन पाय, एक किंचित पुढे, त्यावर नाक. बाबांनी ओढू दिलं नाही, नाळही आपोआप तुटू दिली. घोडी झाली, म्हणजे मादी.

तासाभरात उभं राहणं, दोन तासांत पिणं, तीन तासांत वार पडणं, एवढं आमच्याकडे काटेकोर पाळतात. वासराप्रमाणेच शिंगरालाही वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत. ती येतात चिकातून, आणि आतड्याची ती शोषायची ताकद तासागणिक घटत चोवीस तासांत संपते. शिंगरू लवकर उभं राहिलं, पण सड सोडून आईची छाती, भिंत, माझी बाही, सगळं चोखत राहिलं. दुसरा तास संपत आला तेव्हा एकदाचं लुचू लागलं. वार पडल्यावर ती जमिनीवर पसरून सगळी आलीय का हे बाबांनी तपासलं, कारण आत तुकडा राहिला तर जंतुसंसर्ग होतो आणि घोडीच्या खुरांपर्यंत दुखणं जातं.

शिकवण सुरू झाली ती पहिल्या दिवसांतच. अंगावर हात ठेवायचा. ते चुळबुळलं तर हात तसाच हलका ठेवायचा, आणि शांत उभं राहिलं की त्याच क्षणी काढायचा. पुढची मोरकी (तोंडावर चढवायची दोरी), दोरी, पाय उचलून देणं, लगाम, सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे: दाब सुटतो तेव्हा घोडा शिकतो. उशिरा सुटला तर तो भलतंच शिकतो. म्हणून माझं लक्ष शिंगरापेक्षा माझ्या हातावर जास्त असायचं. पाचव्या-सहाव्या महिन्यात बरोबरीच्या शिंगरांसोबत तिला आईपासून तोडलं. त्यानंतर कुरण, कळप आणि नियमित खरारा, एवढंच.

ती अडीच वर्षांची झाल्यावर लांब दोरीवर काम, मग तोंडात लगामाची कडी, मग पाठीवर नुसती गादी. डोळे दोन बाजूंना असल्याने प्रत्येक वस्तू दोन्ही अंगांनी दाखवली. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकेक भोक आवळत नेला. आधी पाठीवर आडवी पडले, ती शांत चालली, मग रिकिबीत पाय घातला. उडी नाही, धाव नाही. कान माझ्याकडे वळवून ती चालत राहिली.

यानंतर घरात वाद झाला. गिऱ्हाईक तयार होतं आणि बाबांना काम चालू ठेवायचं होतं. मी म्हटलं, "बाबा, गुडघ्याच्या वरचं हाड आत्ता कुठे पक्कं होतंय, आणि पाठीच्या मणक्यांना पाच-सहा वर्षं लागतात. थोड्या फेऱ्या झाल्या, आता सोडूया." आत्या माझ्या बाजूने बोलली. बाबांनी गिऱ्हाइकाला पुढच्या हंगामाचं सांगितलं. तोवर ती कळपात चरते आहे; परत आणली की आधी चाल, आणि चाल पक्की झाल्यावरच दुडकी, म्हणजे हलकी धाव.