अभिनय पारखण्याची वही : एक संहिता, दोन नट

जुन्या चित्रपटांतील आणि दूरचित्रवाणी नाटकांतील अभिनयाला गुण देण्याची माझी पद्धत या टप्प्यात बदलली आहे, त्यामुळे ही नोंद नेहमीपेक्षा लांबली आहे. आतापर्यंत संपूर्ण भूमिकेला मिळून एक गुण आणि एक शेरा असे. आता कॅमेरा न तुटता चाललेला तुकडा हे मोजमापाचे एकक धरले असून, एका भूमिकेतील असे काही सलग तुकडे स्वतंत्रपणे तपासल्याखेरीज त्या भूमिकेविषयी काही लिहायचे नाही, असा नियम केला आहे. संकलकाची कात्री जिथे सतत चालते तिथे नटाचे श्रेय किती आणि संकलकाचे किती, हे सांगणे जवळजवळ अशक्य होते. सोव्हिएत दिग्दर्शक कुलेशॉव्हने मोझुखिन या नटाच्या एकाच चेहऱ्याला निरनिराळी दृश्ये जोडली आणि प्रेक्षकांना त्यात निरनिराळे भाव दिसले, हा प्रयोग आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असतो, पण गुण द्यायची वेळ आली की तो कुणाला आठवत नाही.

या पद्धतीच्या सरावासाठी १९५०च्या दशकातील अमेरिकी दूरचित्रवाणी नाटकांइतके चांगले साहित्य मला दुसरे सापडलेले नाही. ती थेट प्रसारित होत, म्हणजे एकदा बोललेले वाक्य परत घेता येत नसे. शिवाय त्यांतील काही संहितांवर पुढे चित्रपट निघाले, त्यामुळे तीच भूमिका दोन नटांकडून आणि दोन वेगळ्या माध्यमांत तपासता येते. अडचण एकच आहे. ही नाटके आज जी उपलब्ध आहेत ती किनेस्कोपवर, म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा ठेवून केलेल्या मुद्रणावर. त्यात करड्या छटा गळून पडतात आणि डोळ्यांतील बारकावे धूसर होतात. म्हणून अशा मुद्रणातील नटाला नेत्राभिनयाचे गुण देताना हात थोडा सैल ठेवावा, आणि वाचिकाकडे, म्हणजे आवाजाच्या अभिनयाकडे, मात्र कान लावून बसावे.

सर्वाधिक वेळ ‘मार्टी’ने घेतला, आणि तो सार्थकी लागला. पॅडी चायेफ्स्कीची ही संहिता १९५३ मध्ये दूरचित्रवाणीवर आली तेव्हा ब्रॉन्क्समधील त्या अविवाहित खाटकाची भूमिका रॉड स्टायगरने केली होती. १९५५च्या चित्रपटात ती अर्नेस्ट बोर्गनाइनकडे गेली आणि त्याला ऑस्कर मिळाले. दिग्दर्शक दोन्हीकडे डेलबर्ट मानच. त्यातील दूरध्वनीचा प्रसंग तुलनेसाठी जणू मुद्दाम रचल्यासारखा आहे. मार्टी एका मुलीला शनिवारी संध्याकाळी भेटण्याविषयी विचारतो; तिला तो नीटसा आठवतही नाही, आणि तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. म्हणजे समोरच्या पात्राचे संपूर्ण बोलणे एकट्या नटाला आपल्या चेहऱ्यावर आणि थांबण्यात उभे करावे लागते.

स्टायगर सुरुवातीपासूनच दुखावलेला दिसतो. त्याचा आवाज घशातच अडकतो, शब्द अर्धवट गिळले जातात, आणि नकार येण्याआधीच आपल्याला नकाराची खात्री पटते. प्रत्येक क्षण खरा वाटतो यात वाद नाही, पण प्रसंगाला चढउतार उरत नाही. बोर्गनाइन मात्र गिऱ्हाइकाशी बोलावे तशा सराईत आर्जवाने सुरुवात करतो, आणि नकार कळल्यानंतरही ते आर्जव सोडत नाही. केवळ वाक्यांमधील अंतर वाढत जाते. सभ्यता तशीच राहते आणि उमेद विझते, हे दोन्ही एकाच स्वरात ऐकू येणे ही मला फार वरच्या दर्जाची गोष्ट वाटते. या तुकड्यात मी बोर्गनाइनला स्पष्टपणे वरचढ ठरवले आहे.

जेवणाच्या टेबलावर आईसमोर होणाऱ्या उद्रेकात मात्र निकाल उलटला. तिथे बोर्गनाइनचा आवाज चढतो तेव्हा त्यामागची तयारी किंचित जाणवते, तर स्टायगरचे बोलणे त्याच्याच इच्छेविरुद्ध बाहेर पडल्यासारखे वाटते. या प्रसंगाचा आणखी एक फायदा असा, की आईची भूमिका दोन्ही आवृत्त्यांत एस्थर मिंचोटीनेच केली आहे. आई तीच, मुलगा बदललेला. त्यामुळे तिच्या प्रतिसादात जो फरक पडतो त्यातील बराचसा समोरच्या नटाच्या खात्यावर मांडता येतो. तुलना करणाऱ्याला इतकी सोयीची परिस्थिती क्वचितच मिळते.

तशीच सोय ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ या, एका खोलीत खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या बारा ज्यूररांच्या नाटकातही आहे. १९५४च्या थेट प्रसारणातील जोसेफ स्वीनी आणि जॉर्ज वोस्कोव्हेक हे दोघे सिडनी ल्युमेटच्या १९५७च्या चित्रपटात त्याच भूमिकांत पुन्हा दिसतात. स्वीनीचा वृद्ध ज्यूरर चित्रपटात अधिक सावकाश बोलतो, आणि त्याच्या थांबण्याला तिथे जागाही मिळते. प्रसारणात साऱ्यांच्याच मानगुटीवर घड्याळ बसलेले आहे. नट तोच असल्यामुळे हा फरक माध्यमाने दिलेल्या अवकाशाचा आहे, असे मी धरले आणि त्यासाठी गुण वाढवले नाहीत.

या चित्रपटाने माझ्या एका लाडक्या निकषालाही हादरा दिला. चांगला नट ऐकताना ओळखावा, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु ल्युमेटने वेळ आणि खर्च वाचवण्यासाठी खोलीच्या एका बाजूची प्रकाशयोजना केली, की त्या बाजूची सारी चित्रणे उरकून घेतली होती. त्यामुळे हेन्री फोंडा आणि ली जे. कॉब यांच्या वादातील बोलणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा चेहरा काही ठिकाणी कित्येक दिवसांच्या अंतराने टिपला गेला आहे. म्हणजे फोंडाच्या ज्या एकाग्र ऐकण्याला आपण दाद देतो, ते त्या क्षणाचे ऐकणे नव्हे. दोन आठवड्यांच्या तालमीतून पक्के झालेले ते स्मरण आहे. यामुळे त्याचे मोल कमी होत नाही, उलट ते कसब अधिक अवघड ठरते. पण ‘उत्स्फूर्त’ हा शेरा मी वहीतून खोडून टाकला. त्यात ल्युमेटने चित्रपट पुढे सरकेल तशी अधिकाधिक लांब पल्ल्याची भिंगे वापरली आणि कॅमेरा डोळ्यांच्या पातळीखाली नेला, त्यामुळे भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात आणि छतही दिसू लागते. शेवटी कॉब मुलाचे छायाचित्र फाडतो त्या प्रसंगातील घुसमटीचा काही वाटा या भिंगांचा आहे. फाडल्यानंतर त्याचा आवाज ज्या तऱ्हेने ढासळतो तो मात्र निखळ त्याचा, आणि तेवढ्यालाच मी गुण दिले. ते भरघोस आहेत.

ऐकणे आणि बोलणे वेगळे काढून पाहायचे असेल, तर स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनच्या ‘पर्सोना’ या चित्रपटात (१९६६) तो प्रयोग आयताच मिळतो. बिबी अँडरसनचे एक दीर्घ स्वगतवजा बोलणे तिथे दोनदा येते, एकदा लिव्ह उलमनच्या चेहऱ्यावर आणि एकदा स्वतः बोलणारीच्या चेहऱ्यावर. दुसऱ्या वेळी शब्द आपल्या ओळखीचे झालेले असतात, त्यामुळे कान मोकळा होतो आणि नजर केवळ चेहऱ्यावर राहते. माझ्या मते उलमनचा तुकडा सरस आहे, परंतु तो आधी येतो हा फायदा त्यातून वजा करावा लागतो. किती करावा, यावर मतभेद होतील आणि ते जरूर व्हावेत.

बीबीसीच्या ‘आय, क्लॉडियस’ (१९७६) या मालिकेकडे या वेळी धावतेच पाहिले. स्टुडिओतील चित्रफितीवर केलेले ते काम रंगमंचाच्या जवळचे असल्याने त्याला वेगळी पट्टी लावावी लागेल. रोमन सम्राट क्लॉडियसच्या भूमिकेतील डेरेक जेकबीचे तोतरेपण आणि मानेचे झटके लगेच नजरेत भरतात, पण अशा बाह्य खुणांना मी अलीकडे गुण देत नाही. त्या खुणा सांभाळूनही तो ज्या चतुराईने विनोद पोहोचवतो, त्याला देतो.

पुढील जोडी ‘डेज ऑफ वाइन अँड रोझेस’ची : १९५८च्या दूरचित्रवाणी आवृत्तीत क्लिफ रॉबर्टसन आणि पायपर लॉरी, १९६२च्या चित्रपटात जॅक लेमन आणि ली रेमिक. दारूच्या नशेचा अभिनय परीक्षकाला फार लवकर भुलवतो, म्हणून पहिल्या फेरीत चौघांचेही केवळ शुद्धीवरचे प्रसंग तपासणार आहे, आणि त्यांचे गुण वहीत पक्के झाल्यावरच बाटली उघडलेल्या प्रसंगांकडे वळणार आहे.