पद्मावती मॅडम आणि चुलीचा प्रश्न

आमच्या बॅचच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, मातृभाषेत लिहिलंत तरी चालेल, असं पत्र आलं. हॉस्टेलची मेस, कॉलेजच्या आवारातल्या फाशीघराच्या स्मारकाजवळच्या रात्रीच्या गप्पा यावर बाकीचे लिहितीलच. मला आमचं दिल्लीचं मौलाना आझाद मेडिकल कॉलेज म्हटलं की डॉ. पद्मावती मॅडमच डोळ्यांपुढे येतात.

१९७१ साली आम्ही दाखल झालो तेव्हा त्या डायरेक्टर-प्रिन्सिपल होत्या. कॉलेज आणि त्याला जोडलेली आयर्विन आणि पंत ही रुग्णालयं, तिन्हींचा कारभार त्यांच्याकडे. वडिलांच्या केंद्र सरकारी नोकरीमुळे आम्ही करोल बागेत राहायचो. मुलाच्या कॉलेजची प्रमुख एक बाई आहे आणि ती हृदयाची डॉक्टर आहे, याचं माझ्या आईला कोण अप्रूप! हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला ती मॅडमची सगळी कहाणी ऐकवायची. जन्म ब्रह्मदेशातला, एमबीबीएस रंगूनचं. १९४२ मध्ये जपानी फौजा आल्या तेव्हा आई-बहिणींबरोबर देश सोडून कोइमतूर गाठलं. मग पुढच्या शिक्षणाला लंडन, स्टॉकहोम आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला हेलन टॉसिग, हार्वर्डला पॉल डडली व्हाइट अशा नामांकित हृदयतज्ज्ञांच्या हाताखाली. १९५३ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजला रुजू झाल्या आणि पुढच्याच वर्षी तिथे कॅथेटर लॅब (शिरेतून बारीक नळी घालून हृदय तपासायची सोय) उभी केली, उत्तर भारतातली पहिली. ही नावं आईला माझ्याआधी पाठ झाली होती.

पण मला सांगायचाय तो पंतच्या वॉर्डातला एक साधा प्रसंग. गुडगावकडच्या खेड्यातली, चाळिशीची बाई. धाप लागते, पाय सुजलेत, मानेच्या शिरा टरारलेल्या, ओठ निळसर. माझ्या बॅचमेटने केस मांडली. रक्तदाब ठीक, हृदयाच्या झडपा ठीक, लहानपणी सांधे सुजल्याची हिस्टरी नाही. बिडी-हुक्क्याचं विचारल्यावर तर बाई चिडलीच. सगळे गप्प. तेव्हा आमच्या रजिस्ट्रारने, म्हणजे वॉर्डातल्या वरिष्ठ निवासी डॉक्टरने, खाटेवर वाकून विचारलं, "अम्मा, खाना किस पर बनाती हो?"

बाईला वाटलं, डॉक्टरला भूक लागली असावी. मग तिने सांगितलं. चूल, गोवऱ्या, एकच खोली. थंडीत दार लावूनच स्वयंपाक. परकर नेसायला लागल्यापासून हेच.

धुराने फुफ्फुसं खराब होतात, त्यातल्या रक्तवाहिन्या आवळतात, दाब वाढतो आणि हृदयाची उजवी बाजू थकत जाते. पुस्तकात हा आजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा म्हणून दिलेला असायचा. मॅडमनी दिल्लीतल्या १२७ रुग्णांचा अभ्यास १९५९ मध्ये 'सर्क्युलेशन' या हृदयविकारांवरच्या अमेरिकन नियतकालिकात छापला, त्यात विडीला कधी हात न लावलेल्या बायका होत्या. रजिस्ट्रारने तो निबंध आम्हाला तिथेच, त्या खाटेपाशी समजावला. वर दम भरला : चुलीचं विचारल्याशिवाय मॅडमपुढे केस मांडायची नाही. पुढे एमडी झालो, परीक्षक म्हणून गावोगाव फिरलो, पण इतकं सरळ कार्डिऑलॉजी मला पुन्हा कोणी शिकवलं नाही.

१९७८ मध्ये त्या निवृत्त झाल्या, म्हणजे आपल्या कॉलेजातून. १९८१ मध्ये नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूट काढली, १९९२ मध्ये पद्मविभूषण, नव्वदीतही पोहणं चालू. २९ ऑगस्ट २०२० रोजी, वयाच्या १०३ व्या वर्षी, त्या कोविडने गेल्या. मी नाशकात होतो. दिल्लीला जाण्याचा प्रश्नच नव्हता.

आता पंतमध्ये काय चालतं, मला ठाऊक नाही. इथे नाशकात मात्र पेशंट दारातून आत येण्याआधी त्याचा एको (हृदयाची सोनोग्राफी) झालेला असतो. छाती ऐकायची कोणाला? पेठ-सुरगाण्याकडच्या बायका धाप लागते म्हणून येतात. सरकारच्या उज्ज्वला योजनेचा गॅस सिलिंडर घरात असतो, पण रिकामा. भरून आणायला पैसे नाहीत आणि सरपण फुकट. उजवं हृदय मोठं झालेलं रिपोर्टात छापून येतं, ते कशाने झालं हे विचारायला कोणी बसत नाही.

माझा मुलगाही हृदयरोगतज्ज्ञ आहे, दिवसभर स्टेंट घालतो, हात चांगला आहे. दवाखान्यात त्याने संगणक आणला तेव्हा माझ्या जुन्या केसपेपरवरची 'स्वयंपाक कशावर?' ही ओळ गाळली. म्हणे, सॉफ्टवेअरमध्ये तसा रकाना नाही. दोन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. शेवटी सॉफ्टवेअरवाल्याला बोलावून जादा पैसे देऊन रकाना घालून घेतला. पैसे मीच दिले.