तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी कोडी सुचतात कुठून?

मी टेक्स्ट ॲडव्हेंचर गेम लिहिते हे कळलं की बहुतेक जण हेच विचारतात. ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात, स्क्रीनवर चित्र वगैरे काही नसतं, नुसतं वर्णन येतं, तुम्ही 'उत्तरेला जा', 'दिवा घे' असं टाईप करत पुढे सरकायचं आणि वाट अडली की डोकं लावायचं. तर उत्तर. सुचायला खरंच फार काही लागत नाही. एक अडचण घ्या, एक वस्तू घ्या, पंधरा मिनिटांत कोडं तयार होतं. त्यानंतरचे दोन-तीन महिने जातात ते चुकीच्या उत्तरांना उत्तरं लिहिण्यात, आणि माझ्या मते कोडं म्हणजे तेच असतं, बाकी नुसतं कुलूप आणि किल्ली.

माझ्याच एका गेममधलं सांगते. जाळीचं दार आहे, दाराच्या वर घंटा, आणि पलीकडे जाळीला टेकून पहारेकरी झोपलाय. दार ढकललं की घंटा वाजणार, तो उठणार, तुम्ही पकडले जाणार. तुमच्या हातात पेटती मेणबत्ती. मेण मऊ करायचं, घंटेत भरायचं, आत लोंबणारा गोळा चिकटून बसला की आवाज नाही. मला हे फार आवडलं होतं, सरळ, स्वच्छ, आणि सगळं सामान डोळ्यांसमोर.

मग चौघांना खेळायला दिलं. अशा गेममध्ये खेळणाऱ्याने टाईप केलेली प्रत्येक ओळ फाईलमध्ये उतरवून घेता येते, ती ट्रान्सक्रिप्ट टेस्टर नंतर पाठवतात. पहिल्याच ट्रान्सक्रिप्टमध्ये होतं, 'घंटा धर'. गेमचं उत्तर, "तसं करता येत नाही." मग 'घंटा काढ', परत तेच. 'घंटेला रुमाल गुंडाळ', तेच. आणि त्यानंतर तो माणूस घंटेकडे फिरकलाच नाही, पाऊण तास बाकीच्या खोल्या धुंडाळत बसला. आता बघा, त्याचा विचार अगदी बरोबर होता, आवाज बंद करायचा हे त्याला पहिल्या फटक्यात कळलं होतं, आणि माझ्या गेमने त्याला सांगितलं की इथे काही नाही, दुसरीकडे बघ. म्हणजे गेम खोटं बोलला. हे मला फार लागलं.

मग एकेक उत्तर लिहिलं. 'घंटा काढ' म्हटलं तर कडी गंजून बसलीय, जोर लावला की आतला गोळा किणकिणतो, पहारेकरी कूस बदलतो, तुम्ही थांबता. 'घंटा धर' म्हटलं तर आवाज थांबतो खरा, पण एका हातात मेणबत्ती, दुसऱ्यात घंटा, दार ढकलणार कशाने? आता या उत्तरात कळतं की कल्पना बरोबर आहे, फक्त हाताच्या जागी दुसरं काहीतरी हवं. आणि रुमाल? रुमाल गुंडाळून आवाज दबेलच ना. मग चालवून घ्यायचा. माझ्या डोक्यातलंच उत्तर यायला हवं हा हट्ट कोडं लिहिणाऱ्याने धरू नये, वस्तू जशी वागते तशी वागली पाहिजे.

सगळ्यात सुंदर चूक तिसऱ्या टेस्टरने केली, 'पहारेकऱ्याच्या कानात मेण घाल'. मी ते वाचून खुर्चीतून उठलेच. त्याला लिहिलं, तुम्ही जाळीतून हात घालता, तो झोपेतच कानावर शाल ओढून घेतो, हात मागे येतो तेव्हा बोटांवरचं मेण बोटांच्याच आकाराचं झालेलं असतं. पुढच्या वेळी दुसऱ्या एकाने हेच टाईप केलं आणि पुढची कमांड होती, 'घंटेत मेण भर'.

चुकीच्या उत्तरातूनच इशारा द्यायची ही युक्ती काही माझी नाही, या प्रकारच्या पहिल्याच गाजलेल्या गेममध्ये आहे. कोलोसल केव्ह, विल क्राउदरने 1976 च्या सुमारास लिहिलेला आणि 1977 मध्ये डॉन वुड्सने वाढवलेला. त्यात एक पक्षी पकडायचा असतो, पिंजरा असूनही तो हाती लागत नाही, कारण तो तुमच्याकडच्या काठीला घाबरतो. पण गेम नुसतं "जमलं नाही" म्हणत नाही, तो सांगतो की तुम्ही आलात तेव्हा पक्षी घाबरला नव्हता, जवळ जायला लागलात तसा बिथरला. बस, एवढंच. म्हणजे माझ्यापाशी असं काय आहे, हा प्रश्न खेळणाऱ्याच्या डोक्यात आपोआप येतो. इतक्या जुन्या, इतक्या कमी मेमरीच्या काळात हे केलंय. झॉर्क हा असाच गाजलेला गेम काढणाऱ्या इन्फोकॉम कंपनीचे सुरुवातीचे गेम 128 केबीत बसवावे लागायचे, प्रत्येक जादा वाक्य जागा खायचं. आज असे गेम लिहायचं इन्फॉर्म 7 हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, जागेची चिंता नाही, तरी "तसं करता येत नाही" लिहून मोकळं व्हायचं म्हणजे आळस आहे, स्पष्ट सांगते.

उलटं उदाहरणही आहे. झॉर्क 2 मध्ये एक चक्रव्यूह आहे जो बेसबॉलच्या मैदानावर बेतलाय. बेसबॉल माहीत नसेल तर कितीही चुकीची उत्तरं द्या, त्यातून शिकायला फारसं काही मिळत नाही, कारण उत्तर गेमच्या बाहेर राहिलंय. तो गेम मला एरवी खूप आवडतो, पण ते कोडं मी कधीच माफ करणार नाही.

अजून एक, मेणबत्ती. ती जळून संपायची. मेणाशिवाय दुसरं काही चालत नव्हतं त्या पहिल्या फेरीत एका टेस्टरने ती आधीच्या खोल्यांतच संपवली आणि घंटेपाशी रिकाम्या हाताने पोचली, आता ती कधीच जिंकू शकणार नाही आणि हे तिला माहीतही नाही. असेच गेम लिहिणाऱ्या अँड्र्यू प्लॉटकिनने गेम किती क्रूर आहे हे सांगायला पाच पायऱ्यांची एक मोजपट्टी केलीय, त्यात सगळ्यात क्रूर पायरी नेमकी हीच. मी मेणबत्तीला पितळी ताटली दिली. वितळलेलं मेण तिच्यात साचतं, खरवडून घेता येतं.

तर तुम्हीही लिहिणार असाल तर एक कोडं घ्या, कोणालातरी शेजारी बसवून खेळायला द्या आणि तोंड बंद ठेवा, सूचना द्यायची नाही, मान हलवायची नाही. परवा एकीची ट्रान्सक्रिप्ट आली. ('सामान' टाईप केलं की आपल्यापाशी काय काय आहे ते गेम सांगतो.) 'सामान'. 'घंटा बघ'. 'सामान'. 'ताटली बघ'. परत 'सामान'. मग 'मेण खरवड'.