उन्हाळ्यात बीपीची गोळी बंद करू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एप्रिल उजाडला की माझ्या वर्ध्याच्या दवाखान्यात रोज दोघं-तिघं तरी हेच विचारतात: "मॅडम, बीपी तं आता नॉर्मल आहे. मंग गोळी कायले खाऊ?" त्यातलीच काही माणसं डिसेंबरात घाबरी होऊन येतात, "एक दिवस गोळी चुकवली नाही, मंग वाढलं कसं?"

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच. रक्तदाब ऋतूप्रमाणे हलतो. थंडीत अंगातली ऊब राखायला कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आकसलेल्या नळ्यांतून तेवढंच रक्त ढकलायचं, तर दाब वाढतो. घाम नाही, त्यामुळे त्यावाटे जाणारं मीठ-पाणीही अंगातच राहतं, आणि पहाटेचं फिरणं तर पहिल्या थंडीलाच सुटतं. उन्हाळ्यात हे सगळं उलटं होतं. जेफ्री रोझ या ब्रिटिश संशोधकाने १९६१ मध्येच हा ऋतुबदल नोंदवला होता. सरासरी फरक वरच्या आकड्यात ५ आणि खालच्यात ३ असा भरतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ही सरासरी आहे. म्हाताऱ्या माणसांत फरक जास्त पडतो, आणि आमच्याकडे तर मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, जानेवारीच्या पहाटे १० च्या आसपास.

एका काकूंचं सांगते. वय सत्तरीचं. जानेवारीत त्यांचा वरचा आकडा सारखा १६० च्या पुढे येत होता, म्हणून मी चालू गोळीला लघवीची गोळी, म्हणजे अंगातलं जास्तीचं मीठ-पाणी लघवीवाटे काढणारी गोळी, जोडली. आकडे बसले, काकू खूश, मीही निश्चिंत. मे महिन्यात गच्चीवर कुरडया घालताना त्या उकिडव्या बसल्या होत्या. उठल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पडल्या. मनगट मोडलं. दवाखान्यात बसवून बीपी मोजलं तर ११२. उभं करून मोजलं तर ८८. घामाने पाणी जात होतं, गोळीने वेगळं जात होतं, आणि उन्हाने रक्तवाहिन्या आधीच सैलावलेल्या. काकूंचं काही चुकलं नव्हतं. जानेवारीत वाढवलेलं औषध उन्हाळा लागताच पुन्हा तपासायला मी त्यांना बोलवायला हवं होतं. मी बोलावलं नाही. तेव्हापासून उन्हाळ्यात उभं करून बीपी मोजल्याशिवाय मी कुणालाच सोडत नाही.

उलट बाजूही पाहिली आहे. एका भाऊंनी मे महिन्यात आकडा चांगला आला म्हणून आपल्या मनाने गोळी सोडली. पावसाळाभर काही त्रास नाही. त्रास जाणवतच नाही, हीच या दुखण्याची मोठी अडचण. जानेवारीत एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कडेतून गळायला लागलं, मग उजवा हात उचलेना. लकवा. आज ते काठी घेऊन चालतात.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: आपल्या मनाने बंद करू नका, पण आकडे घेऊन जरूर या. मी खरोखर कधीकधी गोळी कमी करते, बहुतेक वेळा आधी लघवीची. मात्र एका आकड्यावर नाही. सात दिवस सकाळ-संध्याकाळ घरी मोजलेलं मला वहीत हवं. आणि मोजायची पद्धत सांभाळा. डिसेंबरात लोक सायकल मारत येतात, हात गार पडलेले, आणि पट्टा स्वेटरच्या बाहीवरून बांधून घेतात. तो आकडा काय कामाचा? स्वेटर काढा, लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवा. मग मोजा. एवढ्यानेच उतरलेला आकडा पाहून कित्येक जण माझ्याकडे बघत राहतात.

आणखी एक, कारण हेही हमखास विचारतात. उन्हात बीपीवाल्यांनी मीठ-साखरेचं पाणी प्यावं का? रोज उठून नको. तहानेला साधं पाणीच प्या. जुलाब-उलट्या लागल्या तर मात्र मीठ-साखरेचं पाणी सुरू करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून लघवीची गोळी थांबवायची का ते विचारा. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका.

त्या काकू आता वर्षातून दोनदा न बोलावता येतात, होळीनंतर आणि दिवाळीनंतर. सोबत नातवाची जुनी चौरेघी वही. त्यात त्यांनी स्वतःच तीन रकाने आखले आहेत: बसून, उभं राहून, आणि तिसऱ्यात 'कूलर चालू' किंवा 'बंद'. तिसरा रकाना मी सुचवलेला नव्हता. आता तो मी सगळ्यांनाच आखायला सांगते.