भाचीच्या उपचाराचे पैसे आणि त्यांचा हिशोब

माझ्या भाचीला न्यूरोब्लास्टोमा असल्याचं कळलं तेव्हा ती तीन वर्षांची होती. लहान मुलांना होणारा हा कर्करोग. विट्यातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघितली आणि मधे कुठे न थांबता परळला टाटा मेमोरियलला जायला सांगितलं. केमो, ऑपरेशन, स्टेम सेल ट्रान्सप्लांट, रेडिएशन, सगळं तिथेच झालं. तेव्हा पैशाची ओढाताण झाली, पण गावापुढे पदर पसरावा लागला नाही. टाटाच्या बालकर्करोग विभागाला जोडलेल्या इम्पॅक्ट फाउंडेशनने बिलाचा मोठा भाग उचलला, आणि सेंट ज्यूडच्या केंद्रात ताई-दाजींना मुलीसोबत मोफत राहायला मिळालं. मुंबईत उपचारापेक्षा राहण्याखाण्याने माणूस जास्त खचतो, म्हणून या दोन संस्थांचं नाव आधी घेते.

२०२३ चा पावसाळा संपता संपता आजार उलटला. पुन्हा केमो झाले, गाठी विरल्या, पण बोन मॅरोमध्ये थोडा आजार शिल्लक राहिला. तेव्हा नॅक्सिटॅमॅब हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकलं. ही अँटिबॉडी आहे. न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींवर जीडी२ नावाचा पदार्थ असतो, त्याला ती चिकटते आणि मग शरीराची स्वतःची फौज त्या पेशी मारते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये ती तयार झाली, अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये तिला मंजुरी मिळाली, आणि तीही नेमक्या अशाच मुलांसाठी, ज्यांच्या हाडांत किंवा मॅरोमध्ये आजार रेंगाळला आहे. युरोपात बार्सिलोनाचं सान जुआन दे देऊ रुग्णालय या उपचारात अनुभवी.

दाजींनी डॉक्टरांना सरळ विचारलं, "साहेब, तुमची मुलगी असती तर तुम्ही नेली असती का?" डॉक्टर थोडं थांबून म्हणाले, "पैसे असते तर नेली असती. पण बरी होईलच असं मी लिहून देणार नाही." त्यानंतर देणाऱ्या प्रत्येक माणसाला आम्ही हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. 'मदत केली तर मुलगी वाचेल' असं कुठेही लिहिलं नाही. माझं ठाम मत आहे की असं लिहू नये. देणारा आशेवर देतो, त्याला हमी विकायची नसते.

पहिलं काम अंदाजपत्रकाचं. बार्सिलोनाच्या रुग्णालयात परदेशी रुग्णांसाठी वेगळा विभाग आहे. त्यांना सगळे रिपोर्ट, एमआयबीजी स्कॅनची सीडी, बायोप्सी आणि उपचाराचा तारीखवार गोषवारा पाठवला. त्यांनी कागद तपासून उपचार शक्य असल्याचं कळवलं आणि युरोत अंदाजपत्रक दिलं. आकडा कोटींत होता. दाजींची बागायत, ताईचे दागिने, माझी आणि भावाची ठेव, सगळं एका कागदावर मांडून बेरीज केली. चौथा हिस्साही होत नव्हता.

मी पतसंस्थेत हिशोबाचं काम करते, म्हणून पैशाची बाजू माझ्याकडे आली. नातेवाईक त्याच रात्री क्यूआर कोड फिरवायला निघाले होते. मी सगळ्यांना दोन दिवस थांबवलं आणि सीएंकडे गेले. ते दोन दिवस सगळ्यांना जड गेले, पण त्यांनी पुढचे कित्येक महिने वाचवले.

सीएंनी जे सांगितलं ते आमच्यासारख्या कुटुंबांना बहुतेक वेळा फार उशिरा कळतं. आयकर कायद्यात नातेवाइकाने दिलेल्या पैशाला कर नाही, पण परक्यांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली की ती सगळीच उत्पन्न धरली जाते. नातेवाईक म्हणजे कोण, तर भाऊ, बहीण, आईवडिलांची भावंडं, नवऱ्याची किंवा बायकोची भावंडं, वरची-खालची सरळ रेषेतली माणसं, आणि या सगळ्यांचे जोडीदार. चुलतभाऊ त्यात नाही, मावसभाऊ नाही. ज्यांच्या खांद्यावर आम्ही वाढलो ते कायद्याच्या लेखी परके! म्हणजे गावाने प्रेमाने दिलेले लाखो रुपये थेट ताईच्या खात्यात आले असते तर त्यावर कराची नोटीस येऊ शकली असती.

यातून वाट अशी निघाली की नोंदणीकृत धर्मादाय ट्रस्टकडून मिळालेल्या मदतीला हा कर लागत नाही. मात्र त्या ट्रस्टच्या विश्वस्तांशी आपलं नातं नको. आमच्या भागात आरोग्याचं काम करणारा एक जुना ट्रस्ट आहे. त्यांच्या बैठकीत आम्ही रिपोर्ट, अंदाजपत्रक आणि टाटाच्या डॉक्टरांचं पत्र ठेवलं. त्यांनी ठराव केला, स्वतंत्र खातं उघडलं, पावत्या दिल्या. देणाऱ्यांना आयकरातली ८०जीची सवलत मिळाली. रोखीने २,००० च्या वर दिलं तर ती मिळत नाही, हेही आम्ही आधीच सांगून टाकलं. ट्रस्टचा पैसा परदेशात खर्च झाला तर त्यांच्या स्वतःच्या करसवलतीला बाधा येते. त्यामुळे ट्रस्टने मदत इथेच ताई-दाजींच्या खात्यावर द्यायची आणि पुढे रुग्णालयाला त्यांनी पाठवायची, असं ठरलं. गावातली दोन-तीन मंडळं पावतीपुस्तकं घेऊन दारोदार फिरायला तयार होती. पण परवानगीशिवाय वर्गणी जमवू न देणारं, धर्मादाय आयुक्तांच्या कायद्यातलं कलम ४१ क त्यांना गणपतीच्या वर्गणीमुळे चांगलंच माहीत. ट्रस्टच्या पावतीवरच जमवायचं म्हटल्यावर त्यांनी ऐकलं.

सरकारी योजनांची दारंही आम्ही ठोठावली. महात्मा फुले जनआरोग्य योजना नोंदलेल्या रुग्णालयांसाठी आहे, परदेशातल्या उपचाराला तिचा उपयोग नाही. इतर निधींचीही तीच गत. यात आम्ही फार दिवस घालवले नाहीत.

ऑनलाइन मोहीमही उघडली. तेव्हाच एका एजन्सीचा फोन आला. जाहिराती आम्ही करू, जमलेल्या रकमेचा मोठा वाटा आमचा, आणि मुलीचा केस गेलेला, सलाइन लावलेला, रडतानाचा व्हिडिओ पाठवा. ताईने फोन माझ्या हातातून घेतला. "माझी लेक रडते तेव्हा मी तिला जवळ घेते, शूटिंग करत नाही," म्हणाली आणि ठेवून दिला. आम्ही बेंदराचा फोटो टाकला. रंगवलेल्या शिंगांच्या बैलाशेजारी ती उभी आहे, हातात पुरणपोळीचा तुकडा. त्या फोटोने पैसे कमी आले असतील तर असोत. मुलगी मोठी होऊन तो फोटो बघेल, तेव्हा तिला मान खाली घालावी लागणार नाही.

खरा आधार मिळाला तो गलाईवाल्यांचा. खानापूर-आटपाडीकडच्या माणसाला हे सांगायला नको. आमच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. केरळात, तमिळनाडूत, पंजाबात, बंगालात, जिथे सराफ बाजार तिथे आमच्याकडचं कुणीतरी सापडतंच. दिवाळीला ही मंडळी गावी येतात. २०२३ च्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी मारुतीच्या देवळात बैठक झाली. दाजी बोलायला उठले आणि त्यांना बोलवेना. मग मीच उठले आणि नुसता हिशोब वाचला: किती लागणार, घरचे किती, विकण्यासारखं काय काय विकलं, कमी किती पडतात. शेवटी एकच सांगितलं की दर रविवारी संध्याकाळी पै-पैचा हिशोब ग्रुपवर येईल, आणि पैसे उरले तर ते ट्रस्टकडेच राहतील आणि दुसऱ्या कर्करुग्ण मुलासाठी जातील. एक म्हातारे गलाईवाले उठून म्हणाले, "पोरी, आम्ही आयुष्यभर गाळलंय. कस कळतो आम्हाला." आणि पहिला आकडा त्यांनी सांगितला. मग गावागावांची यादी झाली, प्रत्येक गावाने आपापल्या माणसांची जबाबदारी घेतली.

ही उरलेल्या पैशांची गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवणं फार गरजेचं असतं. पैसे जमल्यावर असा निर्णय घेणं कठीण जातं, आणि देवाने वेगळं काही मनात आणलं तर त्या दुःखात कुणी हे बोलायच्या अवस्थेत नसतं. ताईसमोर हे वाक्य उच्चारताना माझी जीभ अडखळली होती. तिनेच ते पूर्ण केलं.

परदेशातल्या मराठी माणसांचा प्रश्न वेगळा होता. ट्रस्टकडे परदेशी देणग्या घ्यायला लागणारी एफसीआरए नोंदणी नव्हती, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचे पैसे त्यांना घेता येत नव्हते. भारतीय पासपोर्ट असलेला आपला माणूस स्वतःच्या बचतीतून देऊ शकतो, पण परदेशी नागरिक झालेला ओसीआय कार्डवाला परदेशी स्रोत ठरतो. यावर जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या मित्रमंडळींनी सोपा मार्ग काढला. त्यांनी त्यांच्या बँकेतून युरोतच थेट रुग्णालयाच्या खात्यावर पैसे भरले, सोबत रुग्ण क्रमांक लिहिला, आणि रुग्णालयाने ती रक्कम भाचीच्या नावावर जमा दाखवली. रुपया मधे आलाच नाही, त्यामुळे चलन बदलायचा खर्चही नाही.

इथून पैसे पाठवताना बँकेत जे शिकले ते सविस्तर सांगते, कारण तिथे भल्याभल्यांची तारांबळ उडते. परदेशी पैसे पाठवण्यासाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. उपचारासाठी रुग्णालयाचं अंदाजपत्रक असेल तर त्याहून जास्तही. ए२ फॉर्म भरायचा, त्यात कारण 'वैद्यकीय उपचार' असंच लिहायचं, कारण त्यावर कराचा दर ठरतो. आम्ही पाठवले तेव्हा उपचारासाठी वर्षाला ७ लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापते तो कर, नव्हता; त्याच्या वरच्या रकमेवर ५ टक्के होता. दुसऱ्या बहुतेक कारणांसाठी ऑक्टोबर २०२३ पासून २० टक्के झाला होता. म्हणजे फॉर्मवर कारण चुकलं असतं तर चौपट रक्कम अडकली असती. ५ टक्के तरी थोडे कुठे होते? तेव्हा एका माणसाने १ कोटी पाठवले तर ९३ लाखांवर ४ लाख ६५ हजार रुपये बँक तिथल्या तिथे कापून सरकारजमा करत होती. हा वेगळा कर नव्हे, आगाऊ वसुली आहे. विवरणपत्र भरल्यावर परत मिळते. पण परत मिळेपर्यंत ते पैसे कुठून आणायचे? म्हणून जमवायच्या रकमेत टीसीएस पहिल्यापासून धरावा लागतो. ताई आणि दाजी दोघांच्या नावाने विभागून पाठवले की ७ लाखांची सूट दोनदा मिळत होती. आणि उपचाराचे हप्ते असतील तर ३१ मार्चच्या आधी काही, १ एप्रिलनंतर काही, असं केलं की पुन्हा एकदा. रुग्णालय आधी अनामत आणि मग दर फेरीआधी पैसे घेत होतं, त्यामुळे आम्हाला ते जमलं.

मधल्या बँका पाठवलेल्या रकमेतून आपला वाटा कापतात आणि तिकडे काही युरो कमी पोचतात. सगळे चार्जेस पाठवणारा भरेल, असा पर्याय फॉर्मवर असतो, तो निवडावा. युरो तेव्हा नव्वद रुपयांच्या आसपास होता. भाव वर-खाली होईल म्हणून अंदाजपत्रकाच्या वर थोडी रक्कम राखीव ठेवली होती, ती कामी आली.

व्हिसासाठी रुग्णालयाचं पत्र आणि अनामत भरल्याची पावती हे दोन कागद सगळ्यात वजनदार ठरले. तेव्हा अर्धी रक्कमही जमली नव्हती. तरी अनामत भरली, कारण आजार पैशांसाठी थांबत नाही. पहिली फेरी सुरू झाली तेव्हा शेवटच्या फेऱ्यांचे पैसे अजून गोळा होत होते.

तिकडचं ताईच सांगू शकेल. मला एवढंच माहीत आहे की जीडी२ मज्जातंतूंवरही असतो, त्यामुळे ही अँटिबॉडी देताना मुलांना भयंकर वेदना होतात. औषध जाण्याचा वेळ जेमतेम तासाभराचा, पण त्या तासात ताई फोन घेत नसे. मी इथे रविवारचा हिशोब लिहीत असे. बार्सिलोनाचं ते बालकर्करोग केंद्रही लोकांच्या देणग्यांतून उभं राहून २०२२ मध्ये सुरू झालं, हे ताईने तिथून कळवलं. मी ते त्या रविवारी हिशोबाच्या खाली लिहिलं.

भाचीचा मॅरो सध्या स्वच्छ आहे. तपासण्या परळला चालू आहेत, त्या बरीच वर्षं चालतील.

टीसीएसचा परतावा विवरणपत्र भरल्यानंतर ताई-दाजींच्या खात्यात आला, आणि त्यांनी तो ठरल्याप्रमाणे ट्रस्टकडे भरला. त्यातून सोलापूर जिल्ह्यातल्या एका मुलाच्या ल्युकेमियाच्या उपचाराला मदत गेली. पण मला हा टीसीएसचा नियमच पटत नाही. जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने न्यूरोब्लास्टोमावरच्या डायनुटुक्सिमॅब या औषधावरचा आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी), ते रुग्णाच्या स्वतःच्या वापरासाठी मागवलं तर, पूर्ण माफ केला. त्याआधी एका मुलीच्या आईवडिलांसाठी शशी थरूर यांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहून तो माफ करवून घेतला होता. औषध इकडे आणणाऱ्याला सूट मिळते, मग मुलाला औषधापाशी घेऊन जाणाऱ्याकडून आगाऊ वसुली कशासाठी? १ एप्रिल २०२५ पासून ७ लाखांची मर्यादा १० लाख झाली, ते बरंच झालं. पण रुग्णालयाच्या खात्यावर थेट जाणाऱ्या पैशावर टीसीएस मुळीच नसावा, असं पत्र मी आमच्या खासदारांना दिलं आहे. सोबत आमचा सगळा हिशोब जोडला आहे.