एका दिवसात पुरा होणारा प्रयोग : आमची वाटचाल

आम्ही प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी विज्ञानाचे प्रयोग आणि हस्तकला यांचे संच तयार करतो. सकाळी हातात घेतलेलं काम मुलानं त्याच दिवशी पुरं करावं आणि केलेली वस्तू घरी न्यावी, एवढी एक अट आम्ही पहिल्यापासून पाळत आलो. संचात काय घ्यायचं, काय गाळायचं, पुठ्ठा कुठे आधीच कापून द्यायचा, सूचनापत्र किती लांब असावं, हे सगळं त्या अटीतूनच ठरत गेलं.

मी प्राथमिकला शिकवत होते. माझ्या भागीदाराचा अनुभव छपाईचा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. वर्गात प्रयोग करायचा म्हटलं की अडचण विज्ञानाची नसते, सामानाची असते. प्रत्येक मुलाला स्वतंत्र सामान द्यायचं तर शिक्षकाला आदल्या रात्री पट्ट्या कापत, दोऱ्याचे तुकडे मोजत बसावं लागतं. ते जमत नाही, मग प्रयोग टेबलावर होतो आणि मागच्या बाकावरच्या मुलाला पुढच्यांची डोकीच दिसतात. ही रात्रीची कापाकापी आपण अंगावर घ्यायची, असं आम्ही दोघांनी ठरवलं आणि व्यवसाय सुरू झाला.

एका दिवसाची अट लावल्यावर बऱ्याच आवडत्या गोष्टी यादीतून निघून गेल्या. तुरटीचा बऱ्यापैकी मोठा स्फटिक वाढायला काही दिवस जातात, बी रुजायलाही. कागदाच्या लगद्याची वस्तू संध्याकाळपर्यंत वाळत नाही. फुगा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा खेळ कोरड्या हवेत छान होतो. दमट हवेत विद्युतभार टिकत नाही आणि मुलं हिरमुसतात. तो आम्ही संचात घेतलाच नाही.

जे राहिलं त्यात माझा सर्वांत लाडका प्रयोग काळ्या शाईचा. टीपकागदाच्या पट्टीवर खालच्या टोकापासून दोन सेंटिमीटर वर काळ्या स्केचपेननं ठिपका द्यायचा, पट्टीचं टोक पाण्यात बुडवायचं, ठिपका मात्र पाण्याच्या वर ठेवायचा. पाणी कागदाच्या तंतूंमधून वर चढतं आणि काळ्यातून एकेक रंग सुटा होऊ लागतो. जो रंग पाण्यात सहज विरघळतो आणि कागदाला कमी चिकटतो, तो लांब जातो. दुसरा मागेच थांबतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं पानांमधली रंगद्रव्यं याच तत्त्वावर वेगळी केली. क्रोमॅटोग्राफी हे नाव त्यानंच दिलं आणि आजही औषधांच्या प्रयोगशाळा ही पद्धत रोज वापरतात. पट्टीऐवजी गोल टीपकागद घेतला की रंग मध्यापासून बाहेर पसरतात, कागद वाळला की मधे चिमटून त्याचं फुलपाखरू होतं. मुलगा घरी नेतो ती शोभेची वस्तू त्याच्या प्रयोगाची नोंदही असते. हस्तकला आणि विज्ञान यांची अशी गाठ जिथे पडते, तो संच आम्ही डोळे झाकून निवडतो.

या संचात मेहनत पेनची आहे. काही काळ्या शाया एकाच रंगद्रव्याच्या असतात, त्या फुटत नाहीत. कायमस्वरूपी मार्करची शाई पाण्यात विरघळतच नाही. म्हणून पेनांची नवी खेप आली की खोकी भरण्याआधी त्यातल्या पेनांच्या पट्ट्या आम्ही स्वतः पाण्यात ठेवून बघतो.

पुढे आमच्या निवडीला आणखी एक कसोटी आली : मुलाला प्रयोगात काहीतरी बदलून बघता आलं पाहिजे. कागदी भिरभिरं घ्या. कागदाच्या पट्टीला वर दोन पंख, खाली वजनाला एक कागदपिन, उंचावरून सोडलं की गरगरत खाली येतं. करायला पाच मिनिटं पुरतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं. पंख लांब केले तर? दोन पिना लावल्या तर? पंख उलट बाजूंना दुमडले तर? लांब पंखांचं सावकाश उतरतं, जड असलेलं लवकर, आणि पंखांची घडी उलटवली की फिरण्याची दिशा उलटते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि सोडण्याची उंची तीच ठेवायची, हे आठ वर्षांच्या मुलाला सांगून पटत नाही. दोन भिरभिरी एकदम सोडून भांडण झालं की आपोआप पटतं. आमच्या सूचनापत्रावर आता कृती अर्ध्या पानात संपते, उरलेलं अर्धं पान प्रश्नांना आणि रिकाम्या तक्त्याला.

सर्वाधिक मागणी मात्र ज्वालामुखीला. सोडा, व्हिनेगर, लाल रंग, फेस. मला तो एवढ्यावर सोडवेना, कारण फेस येऊन गेल्यावर मुलानं करायचं काय? आम्ही बाटलीच्या तोंडावर फुगा दिला. व्हिनेगर प्रत्येक बाटलीत सारखंच, सोडा अर्धा चमचा, एक, दोन, तीन. कार्बन डायऑक्साइडनं फुगा फुगतो, जास्त सोड्याला जास्त फुगतो, आणि एका टप्प्यानंतर सोडा वाढवूनही तेवढाच राहतो, कारण व्हिनेगरमधलं आम्ल संपलेलं असतं. बाटलीला हात लावला तर ती गार लागते, तेही मुलंच शोधून सांगतात. ज्वालामुखी हवाच असणाऱ्यांसाठी पुठ्ठ्याचा डोंगर आम्ही सोबत देतो, पण फुग्यानंतर.

स्पष्टीकरणाच्या बाबतीत मी हट्टी आहे. पाण्याच्या ताटलीत मेणबत्ती पेटवून वर पेला पालथा घातला की ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढतं. ‘प्राणवायू संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली’ हे उत्तर सर्रास छापलं जातं आणि ते चूक आहे. आतला सगळा प्राणवायू संपण्याआधीच ज्योत विझते. पाणी झपाट्यानं चढतं ते ज्योत विझल्यावर, आतली तापलेली हवा गार होऊन आकसते तेव्हा. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी जास्त चढतं. पेल्यात प्राणवायू तर तेवढाच असतो. ही तीन मेणबत्त्यांची तुलना आम्ही सूचनापत्रात घातली, उत्तर घातलं नाही. मायकेल फॅरेडे यांनी 1860–61 च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एका मेणबत्तीवर मुलांसाठी सहा व्याख्यानं दिली होती. एवढ्याशा वस्तूत विचारण्यासारखं किती असतं, ते यावरून कळावं. हा प्रयोग मोठ्या माणसानं शेजारी बसूनच करायचा, आणि तशी ओळ आम्ही सर्वांत वर, ठळक छापतो.

सुरक्षिततेमुळे काही गोष्टी दाराबाहेरच राहिल्या. बटणासारखे चपटे सेल आम्ही कुठल्याच संचात घालत नाही. गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. छोटे, शक्तिशाली निओडिमियम चुंबकही नाहीत, कारण दोन गिळले तर ते आतड्याच्या भिंतींतून एकमेकांना ओढतात. विद्युतचुंबकाच्या संचात मोठा खिळा, तांब्याची तार आणि दीड व्होल्टचा साधा सेल असतो. त्या तारेवर पातळ लाखेचा थर असतो, तो टोकांना खरवडला नाही तर प्रवाह जात नाही. वर्गात सगळा वेळ त्या खरवडण्यात जायचा, म्हणून टोकं आम्ही आधीच घासून देतो. वेढे वाढवले की किती पिना उचलल्या जातात हे मोजायचं, आणि तार तापते म्हणून जोड काही सेकंदच ठेवायचा.

2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्गासाठी बांधलेले संच पडून राहिले. ते सोडून आम्ही एकेका मुलाचं छोटं पाकीट केलं. घरात शिकवायला बाई नसतात, आजोबा असतात किंवा मोठी बहीण. मग सूचनापत्रावर शब्द कमी आणि चित्रं जास्त आली, पुठ्ठ्यावर दुमडण्याच्या रेषा आधीच दाबून दिल्या, म्हणजे कात्री जवळजवळ लागूच नये. भागीदाराचं खोक्यांचं कसब तेव्हा खऱ्या अर्थानं कामी आलं. शाळा पुन्हा उघडल्या तरी पाकिटं चालू राहिली.

नकलेबद्दल लोक विचारतात. डेव्हिड ब्रूस्टर यांनी 1816 मध्ये शोभादर्शक बनवला, 1817 मध्ये पेटंट घेतलं, तरी नकला इतक्या झाल्या की त्यांच्या हाती फारसा पैसा आला नाही. आमचा शोभादर्शकाचा संचही कुणी बघून बनवू शकतो. बनवावा. त्यातला माझ्या आवडीचा भाग नळकांडं नाहीच : चिकटपट्टीनं जोडलेले दोन न तुटणारे आरसे, मधे एक मणी, आणि खाली कोन छापलेला कागद. 90 अंशांना मण्याच्या तीन प्रतिमा, 60 ला पाच, 45 ला सात. मुलं मोजतात आणि कोन आणखी लहान करत जातात. तिसरा आरसा त्यानंतर.

सध्या टेबलावर सूर्यतबकडी आहे, म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणारं घड्याळ. हिला पूर्ण दिवस लागतो आणि पूर्ण दिवसच लागतो, म्हणून आमच्या अटीत ती नेमकी बसते : सकाळी जोडायची, दर तासाला सावलीच्या टोकाशी खूण करायची. सर्वांत आखूड सावली घड्याळात बरोबर बारा वाजता पडतेच असं नाही, हे मुलांना खुणांवरून दिसतं. पेच कापणीचा आहे. तबकडीच्या तिरप्या काठाचा कोन त्या ठिकाणच्या अक्षांशाएवढा लागतो, म्हणजे एका साच्यातून काढलेला तुकडा एकाच अक्षांशाला चालणार. भागीदारानं खाचांचा पुठ्ठा सुचवला आहे, पाच-पाच अंशांवर एक खाच, मूल आपल्या गावाची खाच शोधून काठ त्यात अडकवेल. खाचा ढिल्या पडू नयेत म्हणून जाड पुठ्ठ्यावर चाचणी चालू आहे. ढगाळ दिवसासाठी पाकिटात भिरभिऱ्याचा कागद घालायचा, हे मात्र ठरलं आहे.